फुलझाडांतली जंतुरोधक रसायनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. डिसेंबर उजाडला की प्रकल्पवाले विद्यार्थी पिशवीत कडुनिंबाचा पाला, तुळस, नाहीतर शेजारच्या कुंपणावरची जास्वंद घेऊन प्रयोगशाळेच्या दाराशी उभे राहतात. नातेवाइकांचे प्रश्न मात्र बारमाही, आणि त्यांतले निम्मे लसणीबद्दल. दोन्हीकडे तीच ती उत्तरं तोंडी देऊन घसा बसला, म्हणून एकदाची लिहून काढली.

जंतुरोधक म्हणजे अँटिबायोटिकच ना?

नाही. जंतुरोधक हा मोठा शब्द आहे. जीवाणू, बुरशी, विषाणू, हिवतापाच्या परजीवीसारखे एकपेशीय आदिजीव, यांपैकी कुणाचीही वाढ जे रोखतं ते जंतुरोधक. अँटिबायोटिक हा शब्द मुळात एका सूक्ष्मजीवाने दुसऱ्याविरुद्ध बनवलेल्या रसायनासाठी आला. पेनिसिलिन बुरशीचं, स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जीवाणूचं. आता आपण जीवाणूंवरच्या कुठल्याही औषधाला अँटिबायोटिक म्हणतो, कारखान्यात घडवलेल्यालासुद्धा.

हा फरक मी सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. झाडांनी माणसाला दिलेली सर्वांत मोठी जंतुरोधक औषधं जीवाणूंवरची नाहीत, हिवतापावरची आहेत.

झाडं ही रसायनं बनवतात तरी कशाला? आपल्यासाठी?

आपल्यासाठी झाड काहीही करत नाही. झाडाला पळता येत नाही, आणि आपल्या रक्तात फिरतात तशा पहारेकरी पेशी त्याच्याकडे नाहीत. त्यामुळे जवळपास प्रत्येक पेशीलाच स्वतःचं रक्षण करावं लागतं, आणि तिचं हत्यार म्हणजे रसायन.

हा दारूगोळा ठेवायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. काही रसायनं आधीच तयार असतात: सालीतली टॅनिनं, पानांच्या ग्रंथींतली सुगंधी तेलं. काही दोन भागांत वेगवेगळी ठेवलेली असतात आणि पेशी चिरडली की एकत्र येतात. लसूण आणि मोहरी यांची तऱ्हा अशी. तिसरी जात मला सर्वांत आवडते: हल्ला झाल्यावरच बनणारी. म्यूलर आणि बर्गर या जर्मन शास्त्रज्ञांनी १९४० साली बटाट्यावरच्या प्रयोगांतून ही कल्पना मांडली. अशा रसायनांना फायटोअलेक्सिन म्हणतात. पुढे १९६० मध्ये वाटाण्याच्या शेंगेतून पिसॅटिन वेगळं काढलं गेलं. निरोगी, ताज्या शेंगेत ते जवळजवळ नसतंच. बुरशीने शेंगेवर पाय ठेवला की तयार होतं.

म्हणजे बाजारातून निवडून, धुऊन आणलेली टवटवीत पानं वाटून 'या झाडात काही नाही' असा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी कधीकधी झाडावर अन्यायच करत असतो.

ही रसायनं फुलांतच असतात का?

हा घोटाळा शब्दामुळे होतो. फुलझाडं, म्हणजेच सपुष्प वनस्पती, म्हणजे ज्यांना फुलं येतात अशा सगळ्या वनस्पती: आंबा, गहू, गवत, लसूण, सगळे आले. रसायन मुळात, सालीत, पानात, बीत, कुठेही असू शकतं. दारुहळदीचं मुळात आणि खोडात, सिंकोनाचं सालीत, ओव्याचं फळात. (आपण ज्याला ओव्याचं बी म्हणतो ते शास्त्राने फळ आहे.)

पण खास फुलातलीही उदाहरणं आहेत, आणि त्यांतलं एक तुमच्या मसाल्याच्या डब्यात आहे. लवंग म्हणजे न उमललेली, वाळवलेली कळी. तिच्या तेलात बहुतांश युजेनॉल असतं. दाताच्या दवाखान्यात शिरल्या शिरल्या जो वास येतो तो त्याचाच. झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल कालवून केलेलं सिमेंट दंतवैद्य पिढ्यानपिढ्या वापरत आले आहेत.

फुलाला संरक्षणाची गरज जास्तच असते. एक तर तिथे बी धरायचं असतं, आणि वर गोड मध उघड्यावर मांडलेला. त्यात यीस्ट आणि जीवाणू माजायला कितीसा वेळ लागणार? तंबाखूच्या जातीतल्या फुलांच्या मधात अशी प्रथिनं सापडली आहेत जी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करून तो मध निर्जंतुक ठेवतात. शोभेच्या तंबाखूच्या फुलातून एनएडी-१ नावाचं छोटं, बुरशीनाशक प्रथिन मिळालं आहे. अशा प्रथिनांना डिफेन्सिन म्हणतात. न्यूझीलंडच्या मानुका झाडाच्या फुलातल्या मधुरसात डायहायड्रॉक्सिअॅसिटोन असतं. मध साठवणीत मुरत असताना त्याचं मिथाइलग्लायॉक्सल होतं, आणि मानुका मधाचा जंतुरोधक जोर मुख्यतः त्याच्यात असतो. जखमेवर लावायचा वैद्यकीय दर्जाचा मध निर्जंतुक केलेला असतो. किराणा दुकानातली बरणी जखमेवर उपडी करू नका.

रसायनांचे प्रकार किती?

पुस्तकात यादी मिळेल. ढोबळ सांगायचं तर फिनॉल वर्ग (थायमॉल, युजेनॉल, फ्लॅव्होनॉइड, टॅनिन), टर्पीन वर्ग (सुगंधी तेलं, आर्टेमिसिनिन, कडुनिंबाची कडू द्रव्यं), नत्रयुक्त अल्कलॉइड (क्विनीन, बर्बेरिन, कोनेसिन), गंधकयुक्त रसायनं (लसणीतलं अॅलिसिन) आणि छोटी प्रथिनं. परीक्षेत एवढं लिहिलं तरी गुण मिळतात.

अर्क काढतात कसा? पाण्यात उकळलं की झालं ना?

कधी झालं, कधी सगळं वाया गेलं. तेल हवं असेल तर वाफेने ऊर्ध्वपातन करतात. अल्कलॉइड आणि फिनॉल यांच्यासाठी इथेनॉल, मिथेनॉल किंवा त्यांचं पाण्याशी मिश्रण. मेणचट पदार्थांसाठी हेक्झेन. सॉक्स्लेटच्या नळीत पूड तासन्‌तास गरम द्रावकात भिजते, आणि उष्णतेने मोडणारं रसायन असेल तर तिथेच मोडतं.

आर्टेमिसिनिन या हिवतापावरच्या औषधाचा सगळा इतिहास या एका मुद्द्यावर फिरला, म्हणून तो जरा सविस्तर सांगते.

व्हिएतनामच्या युद्धात सैनिक गोळीपेक्षा हिवतापाने जास्त आडवे होत होते, आणि क्लोरोक्विन निकामी होऊ लागलं होतं. चीनने २३ मे १९६७ रोजी गुप्त प्रकल्प सुरू केला. तारखेवरून त्याचं नाव पडलं 'प्रकल्प ५२३'. बीजिंगमधल्या पारंपरिक वैद्यकाच्या अकादमीत तू यूयू या शास्त्रज्ञ बाईंच्या गटाने जुन्या ग्रंथांतले २,००० हून अधिक पाठ चाळले आणि सुमारे २०० वनस्पतींचे ३८० अर्क उंदरांवर तपासले. चिंगहाव, म्हणजे आर्टेमिसिया अॅन्युआ, कधी चांगला गुण द्यायची, कधी मुळीच नाही. मग तू यूयू यांच्या लक्षात चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथातली एक ओळ आली: मूठभर चिंगहाव पाण्यात भिजवा, पिळा आणि रस प्या. भिजवा, पिळा. उकळा असं कुठेच नव्हतं.

त्यांनी उकळणं सोडलं आणि कमी तापमानाला उकळणारं ईथर द्रावक म्हणून घेतलं. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांच्या हिवतापावर शंभर टक्के लागू पडला. माणसांवर देण्याआधी तू यूयू आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो स्वतः घेतला. १९७२ मध्ये शुद्ध स्फटिक हाती आले. त्या रेणूत दोन ऑक्सिजन अणूंचा एक नाजूक पूल आहे. परजीवी तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खातो, त्यातल्या लोहाशी गाठ पडली की तो पूल तुटतो आणि परजीवीलाच जाळतो. नाजूक असल्यामुळे औषध, आणि नाजूक असल्यामुळेच उकळल्यावर नासणारं. २०१५ मध्ये तू यूयू यांना नोबेल मिळालं.

मग आर्टेमिसियाचा चहा प्यायला तर हिवताप बरा होईल?

नको. वाळलेल्या पानात हे रसायन फार थोडं आणि दर पिकागणिक कमीजास्त असतं, पाण्यात धड उतरत नाही. अर्धवट मात्रेने परजीवी मरत नाही, सराईत होतो. जागतिक आरोग्य संघटनेने अशा चहाविरुद्ध स्पष्ट सांगितलं आहे. शुद्ध औषधसुद्धा एकटं देत नाहीत, जोडीला दुसरं देतात.

आणि एवढं करूनही पश्चिम कंबोडियात २००८-०९ च्या सुमारास औषधाला उशिरा दाद देणारा परजीवी सापडला, पुढे आफ्रिकेतही. 'निसर्गातल्या औषधाला जंतू सरावत नाहीत' हे वाक्य जिथे वाचाल तिथे ही गोष्ट आठवा.

क्विनीनची गोष्ट जुनी झाली का?

औषध म्हणून मागे पडली आहे, गोष्ट म्हणून नाही. १८२० मध्ये पॅरिसच्या पेलेतिए आणि काव्हेंतू यांनी दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळं केलं. १८६० च्या दशकात इंग्रजांनी निलगिरीत आणि दार्जिलिंगजवळ मुंगपू इथे सिंकोनाच्या बागा लावल्या, आणि पुढे बंगालात टपाल कचेरीत क्विनीनच्या पुड्या विकल्या जात. झाडाच्या सालीपासून पोस्टमास्तरच्या गल्ल्यापर्यंत पोचलेलं दुसरं जंतुरोधक मला तरी माहीत नाही.

इतकी झाडं, इतका अभ्यास. मग जीवाणूंवरचं एकही मोठं अँटिबायोटिक झाडातून का आलं नाही?

हा खरा प्रश्न. वर्गात कुणी विचारला की त्या दिवशीचा पाठ मी बाजूला ठेवते.

पहिलं कारण ताकद. मातीतल्या सूक्ष्मजीवांकडून आलेली अँटिबायोटिकं साधारण ०.०१ ते १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर इतक्या मात्रेत जीवाणू थांबवतात. झाडांच्या रसायनांना बहुधा १०० ते १,००० लागतात. रक्तात तेवढी मात्रा चढवायची तर आधी रोग्याच्याच पेशी तक्रार करतील. दुसरं, ई. कोलाय किंवा स्यूडोमोनास यांच्यासारख्या ग्रॅम-ऋण जीवाणूंना बाहेरून आणखी एक पटल असतं आणि झाडाची बरीच रसायनं तिथेच अडतात. तिसरं, जी आत जातात त्यांना जीवाणू पंपाने बाहेर फेकतो. विहिरीतलं पाणी उपसावं तसं, थांबत नाही.

मग झाडं जगतात कशी? त्याचं उत्तर दारुहळदीत सापडलं.

दारुहळदीचं पिवळं बर्बेरिन धनभारित असल्यामुळे जीवाणूच्या पेशीत ओढलं जातं. पण स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू नोर-ए नावाच्या पंपाने ते उपसून काढतो. अमेरिकेत फ्रँक स्टर्मिट्झ आणि किम लुईस यांच्या गटाने तिथल्या दारुहळदीच्या जातींत शोध घेतला, तेव्हा बर्बेरिनच्या बाजूला आणखी एक रेणू बसलेला सापडला. २००० साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. तो रेणू एकटा एकही जीवाणू मारत नाही. तो फक्त पंप बंद करतो. पंप बंद झाला की साधं, दुबळं वाटणारं बर्बेरिन एकदम जोर धरतं.

त्या रेणूचं नाव ५-मेथॉक्सिहिडनोकार्पिन, आणि हे नाव हिडनोकार्पसवरून आलं आहे. हिडनोकार्पस म्हणजे आपल्या सह्याद्रीतलं कडू कवठ. त्याच्या बियांचं तेल कुष्ठरोगावर शतकानुशतकं वापरलं गेलं. हवाईतल्या अॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ बाईने पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या दाट, मळमळ आणणाऱ्या तेलाचं टोचता येईल असं रूप तयार केलं. ती १९१६ मध्ये, चोविसाव्या वर्षी गेली. १९४० च्या दशकात सल्फोन औषधं आली आणि तेल मागे पडलं. त्याच तेलात आधी नगण्य म्हणून नोंदलेला एक घटक पुढे दारुहळदीत पंपाचं बूच म्हणून पुन्हा भेटला.

म्हणून माझं मत असं: झाडाकडे एक जालीम रेणू शोधत जाणाऱ्याच्या हाती बहुधा निराशा येते. झाड चार दुबळे रेणू एकत्र लावून काम भागवतं. आपण ते वेगळे काढतो, एकेकटे तपासतो, आणि मग म्हणतो, यात दम नाही.

म्हणजे अख्खा अर्क शुद्ध रसायनापेक्षा चांगला?

असा उलटा अर्थही काढू नका. कधी चांगला, कधी वाईट, आणि दर खेपेला वेगळा. औषध म्हणजे आज घेतलं त्याच मात्रेत उद्याही मिळणं. अर्कात ते साधणं अवघड असतं, अशक्य नाही: हिरव्या चहाच्या कॅटेचिनांचं प्रमाण बांधून केलेलं मलम अमेरिकेत २००६ साली जननेंद्रियावरच्या विषाणूजन्य चामखिळींसाठी मंजूर झालं.

लसूण खरंच अँटिबायोटिक आहे का?

काकू, मावशी, आत्या, सगळ्यांसाठी एकदाच लिहिते. अख्ख्या पाकळीत अॅलिसिन नसतं. असतं ते अॅलीन, आणि वेगळ्या कप्प्यात अॅलिनेझ हे विकर (एन्झाइम). पाकळी ठेचली की दोघांची गाठ पडते आणि काही सेकंदांत अॅलिसिन तयार होतं. तो झणझणीत वास त्याचाच. कॅव्हालिटो आणि बेली यांनी १९४४ मध्ये ते वेगळं काढून जीवाणूंवरचा परिणाम दाखवला. अख्खी पाकळी तेलात तळली तर विकर आधीच मरतं आणि अॅलिसिन बनतच नाही. ठेचून पाच-दहा मिनिटं ठेवून मग फोडणीत टाकण्याची रीत रसायनशास्त्राला धरून आहे.

पण ठेचलेल्या लसणीने प्रयोगशाळेच्या ताटलीत जीवाणू मरतात, आणि पोटातून रक्तात गेलेलं अॅलिसिन तिथवर पोचतच नाही. ते गंधकाचा हात मिळेल त्या प्रथिनाला चिकटतं, आधी तुमच्याच. त्यामुळे न्यूमोनियाला लसूण हा उपाय नाही. कच्ची लसूण फडक्यात बांधून तान्ह्या बाळाच्या तळपायाला किंवा दुखऱ्या जागी रात्रभर लावू नका. भाजल्यासारखे फोड आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत मुबलक आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लसणीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. एका जुन्या एचआयव्ही औषधाची रक्तातली पातळी लसणीच्या गोळ्यांनी निम्म्यावर आणल्याचं दिसलं आहे.

भाजीत खा. पोटभर खा.

आणि हळद?

हळदीत साधारण ३ ते ५ टक्के कर्क्युमिन गटातली द्रव्यं असतात. ती पिवळी आहेत, प्रकाशात चमकतात, प्रथिनांना चिकटतात, आणि आम्लतेचा तोल जरा बदलला की काही मिनिटांत मोडतात. हे सगळे गुण प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना फसवतात. रंग मोजणाऱ्या चाचणीत रंगीत रेणू घातला तर आकडा हलणारच. २०१७ मध्ये जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीत आलेल्या आढाव्याने हे इतकं परखडपणे मांडलं की कर्क्युमिनवर पीएच.डी. करणाऱ्या बऱ्याच जणांची झोप उडाली असणार. निळ्या उजेडात मात्र कर्क्युमिन जीवाणू खरोखर मारतं, आणि दातांच्या उपचारात त्यावर काम चालू आहे.

हळदीचं नाव निघालं की पेटंट आठवतंच. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं होतं. गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, प्रमुख होते. संस्थेने जुने ग्रंथ आणि लेख पुराव्याला लावले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. लक्षात घ्या, तिथे 'हळद जखम बरी करते का' हा वाद नव्हता, 'हे नवं आहे का' हा होता. दोन्हींची सरमिसळ करून 'अमेरिकेने मान्य केलं' असं सांगणारे संदेश दर पंधरवड्याला मला येतात.

कडुनिंबाचं काय? शेतात चालतो का?

शेतात चालतो, आणि त्याचीही एक पेटंटकथा आहे. कडुनिंबाच्या तेलकट अर्काने पिकावरची बुरशी आटोक्यात आणण्याचं युरोपीय पेटंट अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांच्या नावावर होतं. आव्हान दिलं गेलं तेव्हा पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५-८६ च्या उन्हाळ्यात झालेल्या चाचण्यांचाही पुरावा पुढे आला. २००० साली युरोपच्या पेटंट कार्यालयाने ते रद्द केलं, आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

घरच्या पाच टक्के निंबोळी अर्काचा मुख्य उपयोग किडींवर. त्यातलं अॅझाडिरॅक्टिन किडीची भूक आणि कात टाकणं बिघडवतं. बुरशीवर, म्हणजे भुरीसारख्या रोगावर, तेल जास्त कामाचं. दोन्ही उन्हात लवकर मोडतात, म्हणून अर्क त्याच दिवशी बनवून संध्याकाळी फवारायचा. साठवलेला अर्क म्हणजे नुसतं कडू पाणी.

ओवा, टी ट्री, निलगिरी: ही तेलं घरात ठेवावीत का?

ओव्याच्या तेलात थायमॉल भरपूर असतं. थंड झालं की त्याचे खडे जमतात, त्यालाच आपण ओव्याचं फूल म्हणतो. कापूर आणि पुदिन्याचं फूल यांच्यासोबत ते एकत्र केलं की तिन्ही विरघळून अमृतधारा होते. पहिल्या महायुद्धाआधी भारतातला ओवा जर्मनीला जाई आणि तिथे थायमॉल काढलं जाई. लिस्टरीनसारख्या माउथवॉशमध्ये ते आजही आहे. ऑस्ट्रेलियाच्या टी ट्री तेलात टर्पिनेन-४-ऑल हा काम करणारा घटक.

ही रसायनं जीवाणूचं पटल विस्कटतात. आपल्या पेशीलाही पटलच असतं, म्हणून तेल कातडीवर लावायचं ते पातळ करून. पिऊ नका, आणि मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. निलगिरी आणि कापूर पोटात गेल्यावर लहान मुलांना झटके येतात, लवंगतेलाने यकृत निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. बाटली औषधाची आहे असं समजूनच वागा, अत्तराची नव्हे.

गरोदरपणात दारुहळद, बर्बेरिनच्या गोळ्या?

नको. बर्बेरिन बाळाच्या रक्तातलं बिलिरुबिन मोकळं करतं आणि नवजात बाळाची कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. स्तनपान करतानाही नको. इतर गोळ्या चालू असणाऱ्यांनीही विचारून घ्यावं, कारण यकृतात औषधं मोडण्याच्या वाटेत ते आडवं येतं.

लघवीच्या जंतुसंसर्गावर क्रॅनबेरी?

वारंवार त्रास होणाऱ्या बायकांत पुढचा झटका टाळायला थोडी मदत होते. २०२३ च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा आढावा) धोका सुमारे एक चतुर्थांशाने घटलेला दिसला. ती जीवाणूला मारत नाही, मूत्राशयाच्या भिंतीला चिकटू देत नाही. ताप आणि कंबरदुखी सुरू झाली असेल तर डबा बाजूला ठेवा आणि दवाखान्यात जा.

माझ्या अर्काचा २२ मिलिमीटरचा झोन आला. शोध लागला का?

झोन म्हणजे ताटलीत अर्काभोवती जीवाणू न वाढलेलं वर्तुळ. आधी सांग, नुसत्या मिथेनॉलचा, म्हणजे अर्क ज्यात काढला त्या द्रावकाचा, झोन किती आला? तपासला नसशील तर परत कर. दर वर्षी निम्मे शोध इथेच विरघळतात.

झोनचा व्यास म्हणजे ताकद नव्हे. पाण्यात सहज विरघळणारं रसायन ताटलीतल्या आगरमध्ये (जेलीसारखं माध्यम) लांब पसरतं, तेलकट रसायन खड्ड्यापाशीच बसतं. थायमॉलचा झोन बर्बेरिनपेक्षा लहान आला म्हणून ते दुबळं ठरत नाही. म्हणून मिलिमीटर सोडा आणि द्रवमाध्यमात किमान रोधक मात्रा काढा: मात्रा निम्मी निम्मी करत जा, जीवाणूंची संख्या ठरलेली ठेवा, शेजारी एका माहितीतल्या अँटिबायोटिकची रांग लावा. तेल असेल तर थोडं ट्वीन (तेल पाण्यात मिसळवणारं द्रव्य) घालून आणि तेवढंच ट्वीन कंट्रोलमध्ये, म्हणजे अर्क नसलेल्या तुलनेच्या नळीत, घालून.

मग टॅनिनचा घोळ. हिरडा, बाभूळ, डाळिंबाची साल यांचे अर्क कुठल्याही चाचणीत हरत नाहीत, कारण टॅनिन समोर दिसेल त्या प्रथिनाला साखळतं. आमच्या प्रयोगशाळेत डाळिंबाच्या सालीला आम्ही 'कायमची विजेती' म्हणतो. टॅनिन काढून टाकून चाचणी परत करा. गुण राहिला तर पुढे बोलू.

आणि १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर ही मात्रा अहवालात अभिमानाने लिहू नका. तेवढ्या मात्रेत मीठही जंतुरोधक असतं.

झाडाची ओळख कुणाकडून करून घ्यायची? बाजारातली मुळी चालेल का?

बाजारातल्या मुळीला भाऊबंद फार. दक्षिणेत दारुहळदीच्या नावाखाली वेणीवेलीचं खोड विकतात. तिच्यातही बर्बेरिन आहे, पण झाड वेगळं, सोबतचे रेणू वेगळे. कुड्याचं उदाहरण आणखी बोलकं. पांढऱ्या कुड्याच्या सालीत कोनेसिन हे अल्कलॉइड असतं. अमीबाच्या आमांशावर एके काळी ते शुद्ध रूपात दिलं जाई, पण चक्कर, झोप उडणं असे मज्जासंस्थेचे त्रास होत, आणि नंतर मेट्रोनिडॅझोलने त्याची जागा घेतली. काळ्या कुड्याची साल दिसायला जवळची, आणि ती सर्रास मिसळली जाते. बियांना तर आपण कडू इंद्रजव आणि गोड इंद्रजव अशी जोडनावंच देऊन ठेवली आहेत.

म्हणून नमुना स्वतः गोळा करा, कागदात दाबून वाळवा, आणि पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात, आघारकर संस्थेत किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये ओळख पटवून घ्या. नमुन्याचा क्रमांक अहवालात हवाच. साल काढताना खोडाला चहूबाजूंनी सोलू नका, झाड मरतं. एका बाजूची तळहाताएवढी पुरते.

कुठल्या झाडावर प्रकल्प करू? कडुनिंब आणि तुळस सोडून.

कुड्यावर कर. पांढरा आणि काळा, दोन्ही शेजारी ठेवून, सालीतलं कोनेसिन टीएलसीच्या (पातळ थरावर मिश्रणातले घटक वेगळे करण्याची पद्धत) पट्टीवर वेगळं दाखवून. अडचण एवढीच की ओळखीसाठी फुलं लागतात आणि कुडा डिसेंबरात फुलत नाही, परीक्षा आटोपल्यावर फुलतो. त्यामुळे मे महिन्यात गावी जाशील तेव्हाच पिशवीत जुनी वर्तमानपत्रं आणि दोन पुठ्ठे घेऊन जा.